कॅलेंडरच्या चौकोनातली मांजरं

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पूर्वी दुधाचा हिशेब असायचा. एक लिटर, दीड लिटर, खाडा. आता दुधाचे पैसे मोबाईलवरून जातात, त्यामुळे चौकोन मोकळे. गेल्या वर्षीच्या जूनचं पान मात्र मी काढून ठेवलंय. दुसऱ्या आठवड्यापासून पुढे, संकष्टी असो की एकादशी, प्रत्येक चौकोनात दाटीवाटीने चार-चार आकडे आहेत. २३४, २१०, २२५, १६८. गॅसवाला एकदा ते बघून म्हणाला, "काय ताई, मटका लावता काय?"

ते ग्रॅम आहेत. चार पिल्लांचं सकाळी साडेसहाचं वजन.

मी विक्रोळीला, कन्नमवार नगरात राहते. ठाण्याला एका कंपनीत अकाउंट्स बघते. घरात नवरा, कॉलेजात जाणारी मुलगी आणि मालवणच्या सासूबाई. गेली पाच वर्षं मी मांजरांचं फोस्टरिंग करते. म्हणजे बेवारस पिल्लं घरी आणायची, जगवायची, माणसाळवायची, त्यांना लसी टोचून घ्यायच्या आणि बरं घर मिळालं की देऊन टाकायची. ठेवून घ्यायची नाहीत. नवऱ्याची ही एकच अट आहे आणि वन बीएचकेत ती वाजवीच म्हणायला हवी.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात शेजारची इमारत रिकामी झाली. आमच्याकडे हे आता नेहमीचंच. म्हाडाच्या जुन्या चार मजली इमारती एकेक करून पुनर्विकासाला जातात, भोवती पत्रे ठोकले जातात, आणि माणसं बिल्डरकडून भाडं घेऊन दोन-तीन वर्षं ठाण्याला नाहीतर ऐरोलीला काढतात. जिन्याखालच्या मांजरांना भाडं मिळत नाही. रोज मासळीचे काटे टाकणाऱ्या काकू गेलेल्या असतात, तरी मांजरं तिथेच घुटमळतात. संध्याकाळी वॉचमनचा फोन आला, "ताई, तिसऱ्या माळ्यावर पिल्लं रडतायत. सोमवारी मशीन येणार."

पिल्लं दिसली की उचलायची, ही माझी पहिल्या वर्षाची चूक. आई खायला शोधायला गेलेली असते, किंवा जागा बदलत असते. मानेला धरून एकेक पिल्लू नेते, आणि तेवढ्यात आपण मधल्या एकाला अनाथ ठरवून घरी आणतो. आईच्या दुधाची सर कुठल्याच डब्याला नाही. म्हणून आता मी आधी बघते. पिल्लं उबदार असतील आणि गुपचूप झोपली असतील, तर आई येऊन जातेय. थंडगार असतील आणि सारखी रडत असतील, तर काहीतरी बिनसलंय. ही चौघं रडत होती, पण अजून गार पडली नव्हती. मी घरून डबाभर कणीक नेली आणि कुणीतरी टाकून गेलेल्या सुटकेसच्या झाकणाभोवती (पिल्लं त्यातच होती) पातळ कडं घातलं. मांजर आलं तर पंजे उमटणारच. मध्ये दोनदा लांबूनच बघून आले. रात्री नऊला टॉर्च घेऊन गेले, तर कणकेवर एका झुरळाची रांगोळी तेवढी होती.

घरी आणली तेव्हा चारातली तीन बरी होती. चौथं पांढरट, लुळं, हातात घेतलं की दोन्हीकडून लोंबणारं. सासूबाईंनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, "ह्यो बोंबील." पिल्लांना नाव द्यायचं नाही असा माझा नियम आहे, कारण नाव दिलं की जीव अडकतो. सासूबाईंना माझे नियम लागू नाहीत. दहा मिनिटांत बाकीच्यांची बारशी झाली, सगळी मासळीच्याच नावांनी. केशरी तो पेडवा, तीन रंगांची ती तारली, आणि काळी ती मुडदुशी. शेपटीखाली न बघताही दोघांचा अंदाज येतो. तीन रंगांचं मांजर जवळजवळ नेहमी मादी असतं, आणि केशरी बहुतेकदा बोका. केशरी रंगाचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो, त्याची ही करामत.

पहिली गोष्ट ऊब. दूध नंतर. गार पडलेल्या पिल्लाच्या पोटात दूध गेलं तर ते पचत नाही, तसंच पडून राहतं आणि पिल्लू जातं. मुंबईत कसली आलीय थंडी, असं सगळे म्हणतात. पण जूनची ओल, वर गरगरणारा पंखा आणि खाली फरशी, एवढं दोनशे ग्रॅमच्या जिवाला भरपूर झालं. पहिल्या तीन आठवड्यांत पिल्लांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. खोक्यात एका बाजूला टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवायची आणि दुसरी बाजू मोकळी सोडायची, म्हणजे उकडलं तर सरकता येतं.

मग वय. डोळे उघडलेले, निळसर. कान अर्धे उभे. हिरडीवरून बोट फिरवलं तर अजून दात नाही. म्हणजे दोन आठवडे. पुढचे बारीक दात तिसऱ्या आठवड्यात येतात, सुळे त्यानंतर. आधार कार्ड नसलेल्यांचा जन्मदाखला दातांवरच.

गाईचं दूध पिल्लांना सोसत नाही. त्यातलं लॅक्टोज पचत नाही, जुलाब लागतात, आणि या वयात जुलाब लागले की हाताशी एक दिवस असतो, फार तर दोन. मांजराच्या पिल्लांसाठी दूध पावडरचा वेगळा डबा मिळतो. तो महाग असतो, आणि नेमका रात्री संपतो. प्रमाण माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. १०० ग्रॅम वजनामागे एका वेळेला चार मिली, फार तर पाच. दोन आठवड्यांच्या पिल्लाला दर तीन-साडेतीन तासांनी. पोट पेरूसारखं गोल झालं की थांबायचं, फुग्यासारखं ताणेपर्यंत नाही.

धरायचं कसं, हे मी नव्या फोस्टरना स्वतः करून दाखवते, कारण फोनवर सांगून समजत नाही. आपला हात आपसूक पिल्लाला तान्ह्या बाळासारखं उताणं धरतो. तसं धरलं तर दूध श्वासनळीत जातं आणि न्यूमोनिया होतो. पिल्लू पालथं हवं, पोटावर, पुढचे पंजे टॉवेलावर टेकलेले, मान किंचित वर, आईला पितात तसं. बाटली दाबायची नाही, त्यालाच ओढू द्यायचं. नीट ओढायला लागलं की त्याचे कान लयीत हलतात. रात्रीच्या साडेतीनला, डोळे मिटत असताना, मी ते कान बघत बसते. कान थांबले तर बाटलीचं भोक बुजलंय किंवा पोट भरलंय. नाकातून दुधाचा थेंब आला तर तिथेच थांबायचं.

पाजून झालं की ओल्या कोमट कापसाने शेपटीखाली हलकेच पुसायचं. तीन आठवड्यांपर्यंत पिल्लांना आपणहून शी-शू होत नाही, आई चाटते तेव्हाच होते. मुलीने हे काम सुरुवातीला नाक धरून केलं. आता ती मोबाईलवर मैत्रिणीशी बोलता बोलता करते. साडेसहा, दहा, दीड, पाच, साडेआठ, बारा, साडेतीन. मुलीचं कॉलेज सकाळचं, त्यामुळे बाराची आणि दीडची पाळी तिची. साडेतीनची आणि साडेसहाची माझी, नंतर आठची ठाणे लोकल. मधली सासूबाईंची. मोबाईलचा गजर झाला की त्या पंखा बंद करून बसायच्या आणि मला ऐकू जाईल असं पुटपुटायच्या, "मांजराक घड्याळ कित्याक?" त्यांच्या माहेरी मांजरं होती, पण ती उंदरांसाठी. भात आणि माशाचं डोकं खाऊन जी जगली ती जगली. त्यांना माझं हे काम म्हणजे शहरातलं एक खूळ वाटतं, आणि अजूनही वाटतं. गजर मात्र त्यांनी एकदाही चुकवला नाही.

वजन आमच्याकडे भाजणीच्या काट्यावर होतं. काट्यावर स्टीलचं जुनं पातेलं, त्यात रुमाल, त्यात पिल्लू. रोज सकाळी, पाजायच्या आधी, त्याच काट्यावर. दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम वाढलं पाहिजे. एक दिवस आकडा तिथेच राहिला तर लक्ष ठेवायचं, घसरला तर डॉक्टर. पिल्लं फसवतात. ती खेळतात, ओरडतात, बाटलीला झोंबतात आणि आतून आटत असतात. मांजर दुखणं लपवणारं जनावर आहे, आणि ही विद्या ते जन्मतःच शिकून येतं. काटा फसत नाही.

बोंबलाचे चौकोन असे होते. १६८, १७७, १८५, १८५, १७९. पाचव्या दिवशी शी पातळ, तिला आंबूस वास, आणि हिरडीला बोट लावलं तर ओलसर लागायच्या ऐवजी चिकट. आमचे नेहमीचे डॉक्टर गावी गेले होते. ऑफिसात रजा कळवली, बोंबलाला बास्केटमध्ये गरम बाटलीसोबत घातलं आणि दुपारची स्लो लोकल धरून परळला गेले. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल जुन्या मुंबईकरांना बैलघोड्याचं हॉस्पिटल म्हणूनच माहीत. प्राण्यांच्या छळाविरुद्ध काम करणाऱ्या मुंबईतल्या ज्या संस्थेचं ते, ती १८७४ सालची. तेव्हा शहराचं सगळं ओझं बैल आणि घोडेच ओढत होते. आता रांगेत माझ्या पुढे एक लॅब्रॅडॉर, मागे पिशवीत घार घेतलेला शाळकरी मुलगा. लेडीज डब्यात एकीने बास्केटमध्ये डोकावून विचारलं होतं, "उंदीर आहे का हो?"

शी सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यावर कॉक्सिडिया निघाले. आतड्यात वाढणारे परजीवी. कातडीखाली सलाईन, तोंडाने औषध, आणि बाकीच्या तिघांनाही तेच. कारण खोकं एकच. दुसऱ्या दिवशी १७९, तिसऱ्या दिवशी १८८. त्या १८८ भोवती मुलीने स्केचपेनने गोल केलाय.

हॉस्पिटलमधून आल्यावर मी बाहेरचे कपडे बाथरूममध्येच काढले, अंघोळ केली आणि मगच बाकीच्या पिल्लांना हात लावला. मुलगी याला माझं सोवळं म्हणते. ते कुठून आलं ते सांगायलाच हवं.

तीन वर्षांपूर्वी घरात तीन पिल्लं होती. सात आठवड्यांची, गुटगुटीत, घरं ठरलेली, लस पुढच्या आठवड्यात. एका पावसाळी रात्री स्टेशनवरून येताना मासळीबाजारापाशी एक भिजलेलं पिल्लू दिसलं. नवं मांजर आलं की किमान दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवायचं, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण रात्रीचे अकरा वाजले होते, बाथरूममध्ये कपडे वाळत होते, आणि एकच तर आहे, म्हणून मी ते या तिघांच्या खोलीत ठेवलं. तिसऱ्या दिवशी त्याला फेसाळ उलट्या सुरू झाल्या. पॅनल्युकोपेनिया. बोली भाषेत मांजरांचा पार्वो. या विषाणूमुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार तळाला जातात आणि आतड्याचं अस्तर सोलून निघतं. आठवड्याने आमच्या तिघांपैकी दोन आजारी पडली. पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसायची, पण प्यायची नाहीत. चारातली दोन गेली. एक त्या रात्रीचं, आणि एक ज्याला न्यायला मुलुंडचं कुटुंब रविवारी येणार होतं. त्यांना फोन मी केला नाही, नवऱ्याने केला.

हा विषाणू घरात वर्षभर तग धरतो. साबणाला, फिनेलला दाद देत नाही. ब्लीच लागतं. एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी, आणि ते दहा मिनिटं तसंच राहू द्यायचं. गादी, खोकी, लाकडी पाट, सगळं टाकलं. वर्षभर मी लस न झालेलं एकही पिल्लू घरात घेतलं नाही. फिनेलबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. फिनेल, किंवा पाण्यात टाकल्यावर दुधासारखं पांढरं होणारं जंतुनाशक, मांजराच्या घरात वापरायचंच नाही. त्यातली फिनॉलसारखी द्रव्यं मांजराच्या यकृताला निचरून टाकता येत नाहीत, आणि पंजे चाटून ती पोटात जातात. तीच गत पॅरासिटामॉलची. माणसाच्या तापाची अर्धी गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आणि पिसवांसाठी कुत्र्याचं औषध मांजराला कधी लावू नये, त्यात परमेथ्रिन असलं तर झटके येतात. लहान पिल्लांच्या पिसवा मी बारीक दातांच्या फणीने काढते आणि भांड्याच्या साबणाच्या पाण्यात बुडवते. वेळखाऊ काम आहे, पण मटार सोलण्यासारखं, एकदा बसलं की हात चालतो.

चार आठवडे झाले की घराची रया जाते. पिल्लं खोक्यातून बाहेर पडतात, पातळ केलेल्या ओल्या खाण्यात चारी पायांनी उतरतात आणि तसेच पाय घेऊन सगळीकडे फिरतात. शी-शूचं शिकवावं लागत नाही, उकरायला काहीतरी मिळालं की झालं. मिठाईच्या मोठ्या खोक्याचं झाकण, त्यात फाडलेला पेपर आणि लाकडाच्या गोळ्यांचं लिटर, म्हणजे शी-शू शोषून घेणारं भरण. ओलं झाल्यावर गोळा होणारं मातीचं लिटर या वयात नको, कारण पिल्लं ते खाऊन बघतात आणि पोटात त्याचा गोळा होतो. पावसाळ्यात बंद खिडक्यांच्या वन बीएचकेत चार मांजरांचा वास कसा येतो, यावर मी काही लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

याच दिवसांत खरं काम होतं. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लू जे बघतं, ऐकतं, हुंगतं, ते त्याला जन्मभर ओळखीचं वाटतं. त्यानंतर आलेलं सगळं संशयास्पद. म्हणून आमच्याकडे पिल्लांचं जेवण मुद्दाम कुकरच्या वेळेला. पहिल्या शिट्टीला चौघं फ्रिजमागे. तिसऱ्या दिवशी मुडदुशी नुसती कान वळवून खात राहिली, आठवड्याने कुणीच मान वर करेना. मग मिक्सर, डोअरबेल, हेअर ड्रायर. शेजारचा शाळकरी मुलगा रोज पंधरा मिनिटं येऊन फरशीवर झोपायचा, पिल्लांनी अंगावर चढायचं. त्याला एकच ताकीद, हाताशी खेळायचं नाही, दोरीशी खेळायचं. बोट चावायला शिकलेलं पिल्लू गोड दिसतं, चार किलोचा बोका पोटरी धरतो तेव्हा लोक परत आणून देतात. शिवाय रोज पंजा दाबून नखं बाहेर काढायची, ओठ उचलून दात बघायचे, कानात डोकवायचं. उद्या कुठल्यातरी डॉक्टरच्या टेबलावर ते उपयोगी पडतं. आणि बास्केट. ती कायम उघडी, आत चादर, कधीमधी सुक्या खाण्याचे दोन दाणे. बास्केट फक्त डॉक्टरकडे जाताना माळ्यावरून काढली, तर मांजर पलंगाखाली जातं आणि माणूस पलंगाखाली जातो.

पिल्लांची आई सापडली, पण पाच आठवड्यांनी. रिकाम्या इमारतीपासून दोन गल्ल्या पुढे, रिक्षाखाली. तारलीसारखीच तीन रंगांची. दूध केव्हाच आटलेलं, आणि पुन्हा पोट दिसायला लागलेलं. मांजरीचे दिवस नऊ आठवड्यांत भरतात. पिल्लं हरवली की महिन्याभरात ती परत गाभण. पिंजऱ्यात सुका बोंबील भाजून ठेवला, तो वास कुणाच्या बापाला टाळता येत नाही. पिंजरा झाकताना मी घाई केली आणि तिने हातमोज्यातून अंगठा फोडला. नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुतला, मग पालिकेच्या दवाखान्यात जाऊन रेबीजची सुई. आधी पूर्ण कोर्स झालेला होता म्हणून दोन डोसवर भागलं. तिचं नसबंदीचं ऑपरेशन झालं, कानाचं टोक कापून खूण केली, आणि पाचव्या दिवशी तिला त्याच गल्लीत सोडलं. तिला घर शोधलं नाही. मोठी, रानटी वाढलेली मांजर फ्लॅटमध्ये कोंडणं हा छळ आहे, हे माझं मत. मुलीला ते पटत नाही. या विषयावर आमची वर्षातून एकदा वादावादी होते.

आठव्या आठवड्यात पहिली लस झाली. जंताचं औषध आधीपासून दर पंधरा दिवसांनी चालूच होतं. दुसरा डोस तीन-चार आठवड्यांनी, रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. सगळ्यांची वजनं पाऊण किलोच्या पुढे. फोटो काढून झाले. आणि बोंबलाच्या कानामागे पावलीएवढा केस गेलेला गोल दिसला.

सासूबाईंनी लांबूनच सांगितलं, "गजकर्ण." बरोबर होतं. दुसऱ्या आठवड्यात माझ्या दंडावर, मग मुलीच्या गळ्याजवळ. बुरशी आहे, जिवाला धोका नाही, पण केसाकेसातून पसरते आणि जाता जात नाही. बोंबील बाथरूममध्ये, बाकी तिघं महिनाभर नजरेखाली, ठरलेली घरं तारीख पे तारीख. तेवढ्यात गणपती आले. आमचा गणपती मालवणला, दरवर्षी सगळं घर गावी. मी दत्तक घेणाऱ्या प्रत्येकाला विचारते, "मे महिन्यात, गणपतीत गावी गेलात तर मांजराला कोण बघणार?" या वेळी तो प्रश्न फिरून माझ्याच दारात. गजकर्ण झालेली मांजरं कुणाकडे ठेवणार? नवरा आणि सासूबाई कोकणकन्येने गेले. मी आणि मुलगी दंडाला मलम लावून विक्रोळीत. पाच दिवस ढोल-ताशे मात्र भरपूर झाले, आवाजांची तेवढी परीक्षा बाकी होती.

आता घरं. फोन खूप येतात. पर्शियन आहे का? डोळे निळेच राहतील ना? (राहत नाहीत, दोन महिन्यांत बदलतात.) काळी नको हो, आडवी गेली तर. मी सगळ्यांना सारखेच प्रश्न विचारते. घर स्वतःचं की भाड्याचं, मालकाला माहीत आहे का, घरातल्या प्रत्येकाला मांजर हवंय का, आणि खिडक्या. एका शाकाहारी घरातल्या बाई फार प्रेमळ होत्या, पण म्हणाल्या, "आमच्याकडे दूध-पोळीवर छान राहील." मांजराला मांसातूनच मिळणारं टॉरिन लागतं. ते नसेल तर डोळे जातात, हृदय जातं. त्यांना विकतच्या सुक्या खाण्याचाही विटाळ होता. त्यांचा राग नाही आला. मी त्यांना ससा सुचवला.

धाकट्या नणंदेला मुलाच्या वाढदिवसाला सरप्राइज म्हणून पिल्लू हवं होतं. "वहिनी, तुझ्याकडे पडलीच आहेत ना चार?" मुलगा चार वर्षांचा, दोघं नवराबायको दिवसभर बाहेर. मी नाही म्हटलं. रक्षाबंधनाला ती आली, पण माझ्याशी बोलली नाही. दिवाळीला बोलली.

मुडदुशीसाठी कांजूरमार्गच्या एका टॉवरमधलं तरुण जोडपं आलं. काळीच हवी होती त्यांना. घर बघायला गेले, सतरावा मजला, समोर खाडीपर्यंत मोकळं, आणि सरकत्या काचांच्या खिडक्या सताड उघड्या. गॅलरीत कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी. मी जाळीचा एक धागा दातांनी तोडून दाखवला. मांजर कबुतर बघून उडी मारतं, तेव्हा मजला मोजत नाही. चार पायांवर पडतं हे खरं, पण जबडा, छाती, पाय, सगळं मोडून घेतं. त्यातले गृहस्थ थोडे दुखावले. "ताई, आम्ही काळजी घेऊ की." मी चहा घेतला आणि मुडदुशीला न देता परत आले. बारा दिवसांनी त्यांचा व्हिडिओ आला. प्रत्येक खिडकीला स्टीलची जाळी, आणि ते स्वतः त्या जाळीला धरून अंगाचा भार टाकून दाखवतायत.

तारली आणि पेडवा मुलुंडला एकत्र गेले. एकट्या पिल्लापेक्षा जोडी द्यायला मला आवडते, ती एकमेकांना चावून चावण्याची ताकद शिकतात आणि सोफा वाचतो. सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन करू, असं सगळ्यांकडून लिहून घेतलंय. मी फोन करून विचारते. लोकांना कटकट वाटते, वाटू दे. पाचव्या महिन्यातही मांजर गाभण राहू शकते.

बोंबील शेवटी राहिला. दोन तपासण्यांत बुरशी नाही असं आलं, तोवर ऑक्टोबर उजाडला होता. भांडुपच्या दोन बहिणी आल्या. मोठी नर्स, शिफ्ट ड्युटी, धाकटी घरून काम करणारी. त्यांनी आधी बाथरूममध्ये जमिनीवर बसून तासभर त्याच्याशी काही केलं नाही. मला ते आवडलं. सोबत त्याचा रुमाल, चालू असलेल्या खाण्याची पिशवी, लसींचं पुस्तक दिलं. पहिले तीन-चार दिवस एकाच खोलीत ठेवा, लपला तर काढू नका, असं दहा वेळा सांगितलं. रिक्षा वळली तेव्हा सासूबाई गॅलरीत उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी भाजणीचा काटा घासूनपुसून पुन्हा धान्याच्या कपाटात ठेवला.

धनत्रयोदशीच्या सकाळी धाकट्या बहिणीचा मेसेज आला. "काकू, एक विचारायचं होतं. बोंबील बाकी मस्त आहे, शिट्टीला घाबरत नाही, सगळं खातो. पण रोज सकाळी साडेसहाला ओट्यावर जातो आणि जे रिकामं पातेलं दिसेल त्यात जाऊन बसतो. उचललं तरी परत. हलत नाही, नुसता आमच्याकडे बघत बसतो. काही होतंय का त्याला?"

मी लिहिलं, घरात काटा असेल तर वजन करा.

दहा मिनिटांनी उत्तर आलं. २१४०. सासूबाईंनी तेरसच्या चौकोनात लिहून ठेवलंय.